घसरायचे कुठे, टायरपाशी की क्लचमध्ये?

होटगी रस्त्यावर सिग्नल सुटताच पुढची चाके जागीच गरागरा फिरवून धूर काढणाऱ्या एका गाडीची चित्रफीत गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मुलांच्या मोबाईलवर फिरत होती आणि ‘काय पिकअप आहे!’ असे जो तो म्हणत होता. वास्तविक तो धूर वाया गेलेल्या पिकअपचा होता. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत, टायर तापवून चिकट करण्यासाठी मुद्दाम धूर काढतात खरा, पण तो शर्यतीपूर्वी. हिरवा दिवा लागल्यावर निघालेला धूर चालकाला महागात पडतो.

चाक न घसरता पुढे जात असताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याला स्थितिक घर्षणाचा आधार मिळतो. चाक जागीच फिरू लागले की उरते ते गतिक घर्षण, आणि ते कमी असते. रबर लवचीक असल्याने थोडी घसरण, म्हणजे चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त असणे, कोरड्या डांबरावर साधारण १० ते २० टक्के, पकडीला उपकारकच ठरते. त्यापुढे पकड ढासळते. (नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या रसाने कमी होते ते नेमके हेच घर्षण.)

खरी मौज मात्र इंजिन चाकांना जोडणाऱ्या आणि सोडवणाऱ्या क्लचमध्ये आहे. उभ्या गाडीचे चाक शून्य वेगाने असते, तर इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या फार खाली चालूच राहत नाही. या दोहोंचा मेळ बसेपर्यंत मध्ये कुठेतरी काहीतरी घसरलेच पाहिजे. ते टायर आणि डांबर यांच्यात घसरू द्यायचे की फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि तिच्यावर दाबली जाणारी, चाकांकडे गती नेणारी क्लच प्लेट यांच्यात, एवढीच निवड चालकाच्या डाव्या पायाकडे असते. भरपूर रेस देऊन पाय झटकन उचलला, तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एकदम चाकांवर येऊन पकड सुटते; रेस कमी ठेवून तसेच केले, तर गाडी गचके खाऊन बंद पडते.

समजा, इंजिन ३,००० फेऱ्यांवर स्थिर धरले. घसरणाऱ्या क्लचच्या दोन्ही बाजूंना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सारखाच असतो, वेग मात्र वेगळा. आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग. इंजिनाकडील बाजू सतत ३,००० वर, चाकांकडील बाजू शून्यापासून एकसारखी चढत ३,००० पर्यंत, म्हणजे सरासरी १,५०० वर. आलेख काढल्यास एक आयत आणि त्याच्या कर्णाखालचा त्रिकोण दिसेल. तेव्हा या काळात इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते, मग चालक कितीही कसलेला असो. १,००० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये या फेऱ्यांना ताशी २२ किलोमीटर धावते असे धरले, तर ही उष्णता सुमारे १९ किलोज्यूल भरते, म्हणजे एका कटिंग चहाइतके पाणी उकळीला येईल. रेस ५,००० वर नेली तर ती वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने पावणेतीन पट होते.

शिवाय झेपावताना गाडीचा भार मागे सरतो आणि आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जात असल्याने पकड हवी तिथेच कमी होते.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने उतरवलेले फ्लायव्हील मी पाहिले आहे. राखाडी पृष्ठभागावर निळे-जांभळे डाग होते. लोखंड ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की ऑक्साइडच्या पातळ थराने असा रंग धरते. त्याने एका डागावरून नख फिरवले, ते बारीक भेगेत अडले. ‘हाफ क्लचवर लई ताणलीय साहेब,’ तो म्हणाला, आणि जळकी प्लेट त्याने माझ्या नाकाशी धरली.