कॅनडाचे नागरिकत्व: दिवसांचा हिशेब, कागदपत्रे आणि शपथेपूर्वीचा विचार

कॅनडात पीआर, म्हणजे स्थायी निवासाचा दर्जा, मिळून किती वर्षे झाली, एवढ्यावर नागरिकत्वाची पात्रता ठरत नाही. अर्जावर सही करण्याच्या तारखेच्या लगतच्या पाच वर्षांत अर्जदार कॅनडात किमान १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलेला असावा लागतो. ११ ऑक्टोबर २०१७ पासून हा नियम लागू आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक काळजीने हाताळावी अशी हीच बाब आहे, कारण एक दिवस जरी कमी भरला तरी पात्रता पूर्ण होत नाही.

पीआर मिळाल्यानंतरचा प्रत्येक दिवस पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो. त्याआधी विद्यार्थी, कामगार किंवा पाहुणा म्हणून वैध परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि अशा अर्ध्या दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ३६५ पर्यंतच मान्य होते. उदाहरणार्थ, दोन वर्षे शिक्षण घेऊन लगेच पीआर मिळालेल्या व्यक्तीचे ३६५ दिवस आधीच जमा असतात व तिला पीआर म्हणून आणखी ७३० दिवस राहावे लागते. मात्र हे सर्व दिवस त्या पाच वर्षांच्या आतले हवेत. अर्ज लांबत गेला, तर जुने दिवस हिशेबातून गळत जातात.

सुट्टीत भारतात काढलेले दिवस वजा होतात, परंतु कॅनडातून निघाल्याचा आणि परतल्याचा असे दोन्ही दिवस उपस्थितीत धरले जातात. तारखा लिहिताना विमानप्रवासाचे भान ठेवावे. टोरांटोहून निघालेला प्रवासी बहुधा दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरतो, त्यामुळे भारतीय शिक्क्यावरची तारीख ही कॅनडा सोडल्याची तारीख नसते आणि कॅनडातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारण्याची पद्धत नाही. म्हणून तिकिटे व बोर्डिंग पास पहिल्या प्रवासापासूनच जपून ठेवावेत. दिवस मोजण्यासाठी सरकारी संकेतस्थळावर गणनयंत्र उपलब्ध आहे आणि १,०९५ पेक्षा काही दिवस जास्त भरल्यावरच अर्ज करावा, असा सल्ला खुद्द इमिग्रेशन खातेच देते.

राहण्याच्या अटीबरोबरच, ज्यांना प्राप्तिकर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, त्यांनी त्या पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षांची विवरणपत्रे भरलेली असावीत. देश सोडण्याचा आदेश असलेली व्यक्ती पात्र ठरत नाही आणि काही गुन्ह्यांमुळेही अर्ज अडतो. कॅनेडियन नागरिकाशी विवाह झाल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. जोडीदारालाही हेच १,०९५ दिवस पूर्ण करावे लागतात.

१८ ते ५४ वर्षे वयाच्या अर्जदारांनी इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेचे पुरेसे ज्ञान असल्याचा पुरावा जोडायचा असतो. त्यासाठी आयईएल्ट्ससारख्या मान्य परीक्षेचा निकाल चालतो; पण इंग्रजी माध्यमातून घेतलेले माध्यमिक किंवा त्यापुढचे शिक्षणही ग्राह्य धरले जाते, मग ते भारतात झालेले का असेना. गुणपत्रिकेवर किंवा पदवीवर माध्यमाचा उल्लेख नसेल, तर महाविद्यालयाकडून तसे पत्र घ्यावे लागते. हे पत्र गावी गेल्यावर आधीच घेऊन ठेवलेले बरे. याच वयोगटाला इतिहास, शासनव्यवस्था, हक्क आणि जबाबदाऱ्या यांवर वीस प्रश्नांची चाचणी द्यावी लागते, त्यांपैकी पंधरा उत्तरे बरोबर यावी लागतात आणि सर्व प्रश्न ‘डिस्कव्हर कॅनडा’ या मोफत सरकारी पुस्तिकेवर आधारलेले असतात.

अर्जासोबत ओळखीचे पुरावे, छायाचित्रे, शुल्काची पावती आणि पाच वर्षांच्या काळात वापरलेल्या सर्व पासपोर्टांच्या माहितीपानांच्या प्रती द्याव्या लागतात. त्यामुळे नूतनीकरणानंतर रद्दचा शिक्का मारून परत मिळालेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नये. गेल्या चार वर्षांत दुसऱ्या एखाद्या देशात सलग १८३ किंवा अधिक दिवस राहणे झाले असेल, तर तिथल्या पोलिसांचा दाखलाही लागतो. मराठीतील कागदपत्रांचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलण्याची प्रथा असल्याने पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे दाखवणारी कागदपत्रे हाताशी असावीत.

प्रौढ अर्जदाराला नागरिकत्व मिळते ते शपथ घेतल्यावर. इथेच भारतीयांनी थांबून विचार करायला हवा. कॅनडा दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, भारत करत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते, त्यासाठी वेगळा अर्ज केलेला असो वा नसो. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे बेकायदेशीर ठरते. तो भारतीय दूतावासाच्या प्रक्रियेनुसार जमा करून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि भारतात येण्यासाठी कॅनेडियन पासपोर्टसोबत व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते ते कार्ड, आवश्यक असते. आईवडील वयस्कर असतील आणि अचानक निघण्याची वेळ येऊ शकत असेल, तर शपथ आणि नवी कागदपत्रे हाती येणे यांमधल्या काळाचा विचार अर्ज भरतानाच करावा. ओसीआय कार्डधारकाला भारतात मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन मात्र त्याला स्वतःकडे ठेवता येते.