एक अक्षर गळालं अन् भूक थांबेना

मागच्या लग्नसराईत परभणीकडं एका पंगतीत आठेक वर्षांचं जाडजूड लेकरू तिसऱ्यांदा बुंदी मागत होतं. शेजारची मावशी त्याच्या आईला म्हणाली, "जिभेला लगाम लाव की जरा." आईनं मान खाली घातली. मला लठ्ठपणामागचे जनुक शोधणाऱ्या डॉ. सदफ फारुकी आठवल्या.

केंब्रिजला स्टीफन ओ'राहिली यांच्या प्रयोगशाळेत त्या १९९६ साली दाखल झाल्या. तिथं नात्यानं भावंडं असलेली दोन मुलं होती. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो, दोन वर्षांचा मुलगा २९. जन्मतः वजन चारचौघांसारखं.

चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. मेंदूत भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसला ते कळवतं, बळद भरलंय. याचा जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं १९९४ साली उंदरांत शोधला होता. या मुलांच्या अंगावर एवढी चरबी, पण रक्तात लेप्टिन जवळजवळ नाहीच!

जनुक डीएनएच्या तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. 'अजय गरम वरण बनव' यातला 'ज' काढा अन् पुन्हा तीन-तीननंच वाचा: अयग रमव रणब नव. लेप्टिनच्या १३३व्या शब्दात असंच 'जी' हे एक अक्षर गळालं होतं. पुढचे १४ अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, भलतेच, मग अवेळी पूर्णविराम. असलं वाकडं प्रथिन पेशीबाहेर पडत नाही. परिणामी भूक शमवणाऱ्या पीओएमसी चेतापेशी गप्प, त्यांचा तृप्तीचा निरोप, अल्फा-एमएसएच, आटलेला, तो झेलणारा एमसी४आर ग्राहक रिकामा, भूक चेतवणाऱ्या एजीआरपीवाल्या पेशी मोकाट. थोडक्यात, पोट तुडुंब अन् मेंदूत दुष्काळ.

बिघडलेली प्रत आई-बाप दोघांकडूनही यावी लागते. त्या घराण्यात नात्यात लग्नं होत. मामाच्या पोरीवर हक्क सांगणाऱ्या आपल्याकडंही हे ठाऊक हवं: दोघं वाहक, म्हणजे एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे, असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता.

१९९९ साली फारुकींच्या गटानं निकाल छापला. नऊ वर्षांच्या, ९४.४ किलोच्या मुलीला रोज लेप्टिन टोचलं. वर्षात १६.४ किलो उतरले, बहुतेक चरबीच. भूक आवरली.

म्हणून लेप्टिन सगळ्यांना लागू पडतं असं नाही. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात ते भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही. हल्ली गाजणारी वजनाची इंजेक्शनं वेगळ्याच, आतड्यातल्या हार्मोनची नक्कल आहेत. बसस्थानकाबाहेरच्या 'महिन्यात दहा किलो'च्या पुडीत मात्र यातलं काहीच नसतं.

त्या लेकराच्या जनुकात खोट आहे की नुसती बुंदीची आवड, हे पंगतीत बसून कळत नाही. हे दोष तसे दुर्मीळ. पण पहिल्या वर्षातच वजन धावत सुटलं असेल अन् भूक मिटतच नसेल, तर लेकराला हार्मोनच्या डॉक्टरला दाखवावं, मावशीला नाही.