त्रिनिदादचा ताशा आणि ‘राष्ट्रीय’ संगीताचा वाद

त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन देशाने 1992 मध्ये स्टीलपॅनला, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडलेल्या वाद्याला, राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून एक मागणी अधूनमधून डोकं वर काढते: ताशालाही बरोबरीचं स्थान द्या. 2011 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक 35.4 टक्के होते आणि आफ्रिकी वंशाचे 34.2 टक्के. या आकड्यांमुळे हा वाद दोन समाजांच्या मानापमानाचा वाटतो. वाद्यांचा इतिहास पाहिला तर मात्र गुंता वेगळाच दिसतो. ही वाद्यं एकमेकांच्या शेजारी वाढली, एकमेकांकडून शिकली, आणि सरकारदरबारी त्यांची नोंद वेगवेगळ्या खात्यांवर झाली.

बेटावर आधी स्पॅनिश सत्ता होती. 1783 च्या फर्मानाने कॅथलिक वसाहतकारांना जमिनी देऊ केल्यावर फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह आले आणि कार्निव्हल हा सोंगांचा आणि मिरवणुकांचा सण त्यांच्याबरोबर आला. 1797 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. 1834 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, 1838 मध्ये जुन्या मालकाकडेच राबायला लावणारी सक्तीची ‘उमेदवारी’ही संपली, आणि मुक्त झालेले लोक उसाच्या मळ्यांतून बाहेर पडू लागले. मळेवाल्यांना स्वस्त आणि बांधलेले हात हवे होते. ‘फातेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन 30 मे 1845 ला पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 45 हजार माणसं या गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे गेली. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले भोजपुरी आणि अवधी मुलखातले, काही मद्रासहून. मॉरिशसला जशी कोकणातून माणसं गेली, तसं इथे झालं नाही. करार पाच वर्षांचा, पण परतीचं भाडं मिळायला एकूण दहा वर्षं बेटावर काढावी लागत. पुढे परतीच्या हक्काच्या बदल्यात जमीन मिळू लागली आणि मळ्यांभोवती भारतीय गावं वसली.

या लोकांबरोबर मोहरमचा ताशा गेला. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो त्याच घराण्यातलं हे वाद्य. आपला ताशा उथळ, धातूचा आणि आता बहुधा फायबरच्या पानाचा (पान म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा). त्रिनिदादचा पारंपरिक ताशा खोल, मातीच्या भांड्याचा आणि बकऱ्याच्या कातड्याचा. पथकही लहान. दोन ताशे, एक दुतोंडी मोठा ढोल (त्याला तिथे ‘बास’ म्हणतात) आणि झांज, एवढ्यावर सगळं उभं राहतं. दोन ताशांपैकी ‘कटर’ पुढे राहून बोल बदलतो, तर ‘फुले’ पायाभूत लय न सोडता धरून ठेवतो. बासच्या एका तोंडावर दांडक्याचा ठोका पडतो, दुसऱ्यावर उघडा हात. प्रत्येक ठेक्याला ‘हँड’ म्हणतात आणि प्रसंगाप्रमाणे हँड ठरतो. लग्नाचा वेगळा, मोहरमचा वेगळा, आणि कॅलिप्सो (तिथला आफ्रिकी वंशाच्या लोकांचा गाण्याचा प्रकार) व स्टीलबँड (स्टीलपॅनचं पथक) यांच्या चालीवरचे हँडही आहेत.

वाजवण्याआधी पान शेकावं लागतं. लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा लहान जाळ करून ताशे त्याच्याकडे तोंड करून ठेवतात, मधूनमधून काडीने ठोका मारून आवाज पाहतात. जाळाच्या फार जवळ ठेवला तर कातडं करपतं किंवा फाटतं. लांब ठेवला तर ओलावा जात नाही आणि आवाज बसलेलाच राहतो. दमट हवेत तापवलेलं पान लवकर उतरतं, म्हणून लांबच्या मिरवणुकीत जाळ वाटेत पुन्हा पेटवावा लागतो. कटरचा आवाज उतरला की तो फुलेत मिसळतो आणि पथकाला पुढचा बोल ऐकूच येत नाही. लय मग हमखास विस्कटते. हा त्रास टाळायला नटबोल्टने ताणायचा, धातूच्या भांड्याचा आणि प्लॅस्टिक पानाचा ताशा आला. तो पावसातही वाजतो, पण तापलेल्या कातड्याचा कोरडा कडकडाट त्याला येत नाही.

‘कटर’ आणि ‘फुले’ ही नावं भारतातून आलेली नाहीत. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या टँबू-बँबू या बांबू वाजवणाऱ्या पथकात हीच नावं होती. हे पथक जन्मलं ते बंदीमुळे. 1881 मध्ये कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीवरून पोर्ट ऑफ स्पेनमध्ये लोक आणि पोलीस भिडले. 1880 च्या दशकात कायदे करून ढोल आणि मिरवणुका आवळल्या गेल्या. मग कातड्याच्या ढोलाची कामं बांबूंना वाटून दिली: जाड बांबू जमिनीवर आपटून खर्ज, दोन आखूड तुकडे एकमेकांवर आपटून मधली लय, आणि खांद्यावरचा बारीक बांबू काठीने वाजवून वरचा ‘कटर’. 30 ऑक्टोबर 1884 ला तोच बडगा भारतीयांवर आला. मोहरमच्या मिरवणुकांना सॅन फर्नांडो शहरात बंदी होती. ती झुगारून ताबूत घेऊन आलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. डझनाहून अधिक माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. त्या मिरवणुकांत हिंदू होते, मुसलमान होते आणि आफ्रिकी वंशाचे ढोलकरीही असत. आदेशात भारतीयांखेरीज इतरांच्या सहभागावर वेगळी बंदी घातली होती. या देशाची सरमिसळ किती जुनी आहे, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. सरकारने ती ओळखली होती, म्हणून तर तोडू पाहिली.

बांबूच्या पथकांतून 1930 च्या दशकात डबे, झाकणं आणि गाड्यांचे लोखंडी सुटे भाग वाजू लागले, आणि तेलउद्योगाच्या पिंपांतून स्टीलपॅन घडलं. 1962 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या सरकारने कॅलिप्सो आणि स्टीलबँड यांना राष्ट्राचं संगीत मानलं. भारतीय संगीत ‘त्या समाजाचं’ म्हणून बाजूला राहिलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या कटुतेचं मूळ इथे आहे. 1990 च्या दशकात शाळांत स्टीलपॅन शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हार्मोनियमही शिकवा, असा आग्रह झाला, तो याच दुखण्यातून.

वादकांनी मात्र या वाटणीची वाट पाहिली नाही. उसाच्या गाड्यांना बैल जुंपताना वापरायच्या पोलादी सळीतून ‘धनताल’ हे वाद्य तयार झालं, असं सांगतात. माणूसभर नाही तरी चांगली छातीभर उंच सळी, आणि ती वाजवायला घोड्याच्या नालासारखा तुकडा. उजव्या हाताने ठोका, डाव्या मुठीने सळी धरायची आणि सोडायची. मूठ उघडी असेल तर नाद लांबतो, मिटली की तुटतो. मूठ किंचित उशिरा मिटली तरी नाद पुढच्या ठोक्यावर सांडतो आणि कहरव्याच्या आठ मात्रा एकमेकींत कालवल्या जातात. नवशिक्यांचा हात बहुधा इथेच चुकतो.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या कॅलिप्सो गायकाने ढोलक आणि धनताल आपल्या गाण्यांत घेतले. हे भारतीय संगीत झालं, अशी टीका झाल्यावर त्याने वाद्यं काढली आणि तीच लय ड्रमसेट, गिटार आणि लोखंडी तालवाद्यांवर चढवली. त्यातून सोका हे नाचाचं नवं संगीत उभं राहिलं. आज सोकावर अख्खा कार्निव्हल नाचतो, पण त्यातली धनतालची लय कानाला सहज ओळखू येत नाही.

उलट बाजूने चटनी हा भारतीय वंशाच्या लोकांचा गाण्या-नाचाचा प्रकार आला. लग्नाआधीच्या ‘माटीकोर’च्या रात्री बायका माती आणायला जात, पुरुषांच्या नजरेआड मोकळी, चावट गाणी म्हणत आणि कंबर हलवून नाचत. मळ्यावरच्या भोजपुरीची बोलचाल पिढ्यांगणिक विरली, शब्द अर्धवट उरले, ठेका आणि नाच मात्र टिकले. 1970 च्या सुमाराला सुंदर पोपोने आजा-आजीवरच्या गाण्यात हिंदी आणि इंग्रजी एकत्र गुंफली. 1980 च्या दशकात हा नाच तिकीट लावून मंचावर आला, तेव्हा बायकांनी चारचौघांत असं नाचावं का, यावर भारतीय समाजातच रान उठलं. त्याच दशकात द्रुपती रामगुनाईने चटनीला सोकाशी जोडलं आणि तिच्यावरही टीका झाली. 1996 पासून चटनी-सोकाची स्वतंत्र स्पर्धा कार्निव्हलच्या हंगामात भरू लागली.

ताशा आता भारतीय लग्नांपुरता राहिलेला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात मोहरमच्या मिरवणुकीत, ज्याला तिथे ‘होसे’ म्हणतात, तो दरवर्षी वाजतो आणि वाजवणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे लोकही असतात. राष्ट्रीय दर्जाची मागणी करणारे याच गोष्टीवर बोट ठेवतात.