चांदीपुरा हे गावाचं नाव. विषाणूचं कूळ कोणतं?

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये लहान मुलं मेंदूज्वराने दगावू लागली, तेव्हा ‘चांदीपुरा नावाचा नवा विषाणू’ अशा बातम्या फिरल्या. तो नवा नव्हता. १९६५ साली नागपूर भागात डेंगी-चिकुनगुन्याची साथ तपासताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला. तो वेगळा काढला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने. तो पहिल्यांदा कुठे सापडला, एवढंच त्याच्या नावातून कळतं. तो कसा आहे हे समजायला त्याचं कूळ पाहावं लागतं.

लक्षणांवरून कूळ ठरवू गेलं तर हमखास चुकतं. जपानी मेंदूज्वर आणि चांदीपुरा या दोन्हींत तीव्र ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी दिसते. पण पहिल्याचा विषाणू डासांतून पसरतो आणि त्याच्यावर लस आहे. दुसरा मुख्यतः वाळूमाशीतून पसरतो, ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत वाढते, आणि या विषाणूवर लस नाही. आजार सारखे दिसले तरी विषाणू एकमेकांचे लांबचे नातलगसुद्धा म्हणवत नाहीत.

मग नातं ठरवायचं कशावरून? अमेरिकी विषाणूशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये एकच प्रश्न धरला: हा विषाणू संदेशवाहक आरएनए कोणत्या वाटेने बनवतो? पेशीतले रायबोसोम प्रथिनं बनवतात, पण त्यांना फक्त संदेशवाहक आरएनएची भाषा कळते. त्यामुळे प्रत्येक विषाणूला तिथवर पोचावंच लागतं. वाटा आज सात मानतात, प्रत्येक वाटेचा एक गट. जपानी मेंदूज्वराचा विषाणू चौथ्या गटात येतो. त्याचा आरएनए ‘धन’ आहे, म्हणजे तो स्वतःच संदेश आहे. पेशीत शिरताच वाचला जातो. चांदीपुरा पाचव्या गटातला. त्याचा आरएनए ‘ऋण’, म्हणजे संदेशाचा पूरक साचा. तो रायबोसोमला वाचता येत नाही. आधी त्याची उलटी प्रत काढावी लागते आणि आरएनएवरून आरएनए उतरवणारं असं यंत्र आपल्या पेशीत विषाणूच्या कामाला येत नाही. म्हणून विषाणू ते स्वतःबरोबर बांधून आणतो. पोलिओचा आरएनएही धन. तो शुद्ध करून नुसता पेशीत घातला तर नवे विषाणू तयार होतात. ऋण आरएनए नुसता घातला तर काहीच होत नाही. आरएनए उतरवणारं हे यंत्र, म्हणजे पॉलिमरेझ, विषाणूच्या कणातच असतं, हे १९७० मध्ये बाल्टिमोर, ॲलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी दाखवलं, आणि तेही चांदीपुराच्याच सख्ख्या भावंडावर. अमेरिका खंडात गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारा हा विषाणू.

पुढची युक्ती तर फारच सुंदर आहे. या विषाणूंच्या सुमारे ११,००० अक्षरांच्या आरएनएवर पाच जनुकं ओळीने बसलेली असतात: एन, पी, एम, जी, एल. पॉलिमरेझला आत शिरायला दार एकच, एनच्या बाजूचं. प्रत्येक जनुकाच्या शेवटी सात यू अक्षरं लागोपाठ येतात. तिथे पॉलिमरेझ पुनःपुन्हा घसरतं आणि त्या घसरण्यातून संदेशाला ‘ए’ची लांब शेपटी लागते. मग ते दोन अक्षरं सोडून पुढचं जनुक धरतं. पण प्रत्येक सांध्यावर काही पॉलिमरेझ गळून पडतात. समजा दर वेळी शंभरातले तीस गळाले, तर एनच्या १०० प्रतींमागे पीच्या ७०, एमच्या ४९, जीच्या ३४ आणि एलच्या जेमतेम २४ निघतील. गरजही तशीच आहे: एन हे आरएनएवरचं आवरण, ते ढीगभर लागतं, एल म्हणजे खुद्द पॉलिमरेझ, ते थोडंसं पुरतं. वेगळं नियंत्रण लागतच नाही, जनुकांचा क्रम हेच नियंत्रण. चांदीपुराच्या त्या भावंडात एन जनुक मुद्दाम मागच्या जागी हलवलं, तेव्हा विषाणू दुबळा झाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तापात मुलाला झटके आले की कांदा किंवा चप्पल हुंगवणं, ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावणं अजून चालतं. चांदीपुरात पहिल्या लक्षणापासून एक-दोन दिवसांत मूल जाऊ शकतं. नेमकं औषध नाही. झटके आवरणं, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणं हाच उपचार, आणि तो रुग्णालयातच होतो. ते तास अंगाऱ्यात घालवू नयेत.

बाल्टिमोरचे गट म्हणजे वंशावळ नव्हे. ती आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती ठरवते आणि नावाच्या शेपटीवरून पायरी कळते: ‘विराल्स’ म्हणजे गण, ‘विरिडी’ म्हणजे कुल, नुसतं ‘व्हायरस’ म्हणजे प्रजाती (जीनस), जिच्याखाली जाती येतात. चांदीपुराचा गण मोनोनेगाविराल्स: ‘मोनो’ म्हणजे एकसंध, ‘नेगा’ म्हणजे ऋण. फ्लूचा विषाणूही ऋणच, बाल्टिमोरच्या पाचव्याच गटात, पण त्याच्या जीनोमचे, म्हणजे सगळ्या जनुकांच्या आरएनएचे, आठ तुकडे असतात. म्हणून तो या गणात बसत नाही. कुल ऱ्हॅब्डोविरिडी, ग्रीक ‘ऱ्हॅब्डोस’ म्हणजे काठी यावरून. रेबीज याच कुलातला.

२०२१ पासून जातीचं नाव दोन शब्दांचं करायचं ठरलं, वनस्पती-प्राण्यांसारखं. त्यामुळे जातीचं नाव ‘व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा’ (पहिला शब्द प्रजातीचा) झालं, पण रुग्णाच्या रक्तात सापडतो त्याला ‘चांदीपुरा विषाणू’च म्हणायचं. नवीन आजारांना गावांची नावं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. जुन्या नावांना ते लागू नाही, म्हणून नागपूरकडचं ते गाव आता लॅटिन वळणाच्या नावातही कायम राहिलं आहे.