तेजी, मंदी, सीई, पीई : ऑप्शनच्या शब्दांमागचा इतिहास

मोबाइलवर निफ्टी या शेअर निर्देशांकाचा (इंडेक्सचा) ऑप्शन उघडला की नावाच्या शेवटी 'सीई' किंवा 'पीई' दिसतं. सी कॉलचा (ठरल्या भावाने घेण्याचा हक्क) आणि पी पुटचा (ठरल्या भावाने विकण्याचा हक्क), हे पहिल्या आठवड्यातच कळतं. 'ई' कशाचा, हे मात्र बरीच वर्षं ट्रेडिंग करणाऱ्यांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. तो 'युरोपियन'चा. घेतलेला हक्क फक्त एक्सपायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशीच बजावता येत असेल तर ऑप्शन युरोपियन, मुदतीत केव्हाही बजावता येत असेल तर अमेरिकन. आपल्याकडे इंडेक्सचे ऑप्शन पहिल्यापासून युरोपियन आहेत. शेअर्सचे आधी अमेरिकन होते आणि त्यांच्या नावापुढे 'सीए', 'पीए' लागायचं. २०११ च्या सुरुवातीपासून तेही युरोपियन झाले.

पण या धंद्याची मुंबईशी ओळख याच्या कितीतरी आधीची. सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायदा १९५६ चा. त्यातली ऑप्शनची व्याख्या वाचण्यासारखी आहे. भविष्यात खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क विकणं-घेणं म्हणजे ऑप्शन, असं सांगून पुढे यादी येते : तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली, पुट, कॉल. इंग्रजीत लिहिलेल्या कायद्यात बाजारातले हे शब्द जसेच्या तसे बसवलेत. नाव बदलून कोणी निसटू नये, हा हेतू उघड आहे. तेजी म्हणजे आजचा कॉल, मंदी म्हणजे पुट आणि तेजी-मंदी म्हणजे दोन्ही एकत्र, ज्याला आज स्ट्रॅडल म्हणतात. ही व्याख्या आजही कायद्यात आहे.

तिची गरज पडली ती बंदी घालण्यासाठी. मुंबई इलाख्यात कापसातल्या ऑप्शनवर १९३९ मध्येच स्वतंत्र कायद्याने बंदी आली होती. १९५२ च्या वायदे कायद्याने ती देशभर सगळ्या मालाला लागू केली. १९५६ च्या कायद्याच्या कलम २० ने शेअर्समधले ऑप्शन बेकायदा ठरवले आणि १९६९ मध्ये सरकारने शेअर्सच्या वायद्यांवरही (पुढच्या तारखेच्या सौद्यांवरही) अधिसूचना काढून बंदी आणली. सट्टा थांबला का? छे. दलाल स्ट्रीटवर बदला होताच. सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा आणि त्यासाठी व्याज मोजायचं. मधल्या काळात बदल्यावर बंदी आली, उठली, पुन्हा नियम बदलले. बाजाराला उद्यावर पैज लावायची सोय लागतेच, आणि एक दार बंद केलं की ती दुसऱ्या दारातून येते, असं हा सगळा काळ पाहून माझं मत झालंय.

तिकडे अमेरिकेत एप्रिल १९७३ मध्ये शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्सचेंज सुरू झालं, फक्त १६ शेअर्सच्या कॉलवर. पुट यायला १९७७ उजाडलं. शिकागोने खरी क्रांती केली ती साच्याची. त्याआधी प्रत्येक सौद्यात भाव, मुदत, संख्या दोघांनी आपसात ठरवायची, त्यामुळे तो सौदा तिसऱ्याला विकणं जड जायचं. शिकागोत हे सगळं आधीच ठरवून टाकलं. आज आपण ज्यांना स्ट्राइक, एक्सपायरी आणि लॉट म्हणतो ते या साच्याचेच तीन खिळे. समोरचा पैसे बुडवेल ही भीती घालवायला मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सौद्याची हमी घेणारी संस्था, आली. जुन्या तेजी-मंदीत हीच हमी नव्हती. सगळी भिस्त माणसाच्या शब्दावर.

भारतात कलम २० १९९५ मध्ये काढलं गेलं. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, नेमलेल्या एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल १९९८ मध्ये आला, डिसेंबर १९९९ मध्ये डेरिव्हेटिव्हना (ऑप्शन, फ्युचर्स यांसारख्या सौद्यांना) कायद्यात 'सिक्युरिटी'चा दर्जा मिळाला आणि जून २००० मध्ये इंडेक्स फ्युचर्स (इंडेक्सचे वायदे) सुरू झाले. इंडेक्स ऑप्शन आले जून २००१ मध्ये. शेअर्सचे ऑप्शन एनएसईवर (नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर) सुरू झाले तो दिवस २ जुलै २००१. बदलाही त्याच दिवशी कायमचा बंद झाला. तेजी-मंदीचा धंदा असा परत आला, पण शब्द शिकागोचे घेऊन.

त्यातला सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाणारा शब्द प्रीमियम, म्हणजे हक्कासाठी मोजलेली किंमत. घर घेताना देतो त्या इसारासारखा तो वाटतो, पण इसार किमतीतून वजा होतो, प्रीमियम होत नाही. समजा निफ्टी २४,००० वर आहे, तुम्ही २४,००० च्या स्ट्राइकचा कॉल १५० रुपयांना घेतला आणि लॉट ७५ चा आहे. खिशातून गेले ११,२५०. एक्सपायरीला निफ्टी २४,१०० वर बंद झाला. अंदाज बरोबर, कॉल 'इन द मनी' (भाव स्ट्राइकच्या वर), तरी हातात १०० गुणिले ७५, म्हणजे ७,५०० येतात. ३,७५० चा तोटा, शिवाय ब्रोकरेज आणि कर. २४,१५० च्या वर गेल्याशिवाय फायदा नाही. निफ्टी २४,००० च्या खाली राहिला असता तर प्रीमियम पूर्ण शून्य.

हा प्रीमियम ज्याला मिळाला तो 'राइटर'. विकणाऱ्याला हे नाव का, ते नवख्याला कळत नाही. जुन्या काळी हक्काचा कागद तोच लिहून द्यायचा. घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता. कॉल लिहिणाऱ्याच्या तोट्याला वर छप्पर नाही. म्हणून मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, त्याच्याकडून घेतात. शेअर्सच्या ऑप्शनमध्ये आणखी एक भर पडली आहे. ऑक्टोबर २०१९ पासून सगळेच सौदे डिलिव्हरीने सुटतात. एक्सपायरीला इन द मनी राहिलेला कॉल विसरलात, तर पूर्ण लॉटचे पैसे भरून शेअर घ्यावे लागतात.

मे २०१६ मध्ये बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअर्सच्या इंडेक्सचे) साप्ताहिक ऑप्शन आले, २०१९ मध्ये निफ्टीचे, आणि एक्सपायरी हा शब्द महिन्यातून एकदा ऐकायची सवय मोडली. उरलेली मुदत जितकी कमी तितका प्रीमियम स्वस्त, म्हणून छोटे खिसे इकडे वळले. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले : प्रत्येक एक्सचेंजला साप्ताहिक एक्सपायरी एकाच इंडेक्सची, नव्या कॉन्ट्रॅक्टचं मूल्य किमान १५ लाख, घेणाऱ्याकडून प्रीमियम आगाऊ, आणि एक्सपायरीच्या दिवशी विकणाऱ्याकडून २ टक्के जादा मार्जिन.