टार्पनचं पाणी कुठून येतं?

टार्पन हा काही ताटातला मासा नव्हे. काटे फार, चव बेताची. तरीही फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला दर वसंत ऋतूत हौशी लोक त्याच्यासाठी लांबून येतात, वाटाड्यासकट होडी भाड्याने घेतात, उन्हात तासन्‌तास उभे राहतात आणि मासा लागलाच तर सोडून देतात. विक्रमासाठी खास परवाना घेतला नसेल, तर मीटरभराहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायलाही तिथे मनाई आहे.

या खेळाला फ्लाय फिशिंग म्हणतात. नेहमीच्या गळाला शिसं बांधलेलं असतं आणि तेच दोरीला लांब ओढून नेतं. इथे आमिषाला वजन जवळजवळ नसतंच. आकड्यावर पिसं, केस आणि रंगीत धागा गुंडाळून कोळंबीचा किंवा खेकड्याचा भास निर्माण केलेला असतो. वजन असतं ते दोरीला. काठी मागेपुढे झुलवत ही जाड दोरी हवेत उलगडायची, म्हणजे आमिष माशाच्या पुढ्यात अलगद उतरतं. उथळ पाण्यात मासा आधी नजरेला पडावा लागतो. पाणी गढूळ झालं की खेळ आटोपला.

पाणी नितळ ठेवण्याचं काम तिथलं समुद्री गवत करतं. फ्लोरिडा बे हा उपसागर सुमारे 2,200 चौरस किलोमीटरचा, पण सरासरी खोली जेमतेम मीटरभर. तळाचा चिखल गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला. 1987 मध्ये हे गवत मरू लागलं. सुमारे 4,000 हेक्टर साफ गेलं, त्याच्या कितीतरी पट विरळ झालं. 2015 मध्ये तेच पुन्हा घडलं.

गवत मरतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण 35 भाग क्षार असतात. दुष्काळात या उथळ उपसागराचं पाणी उडून जातं, आणि चिखलाच्या बांधांमुळे बाहेरचं पाणी सहज आत येत नाही. 2015 मध्ये काही ठिकाणी क्षारता 60 च्या वर गेली. असं पाणी जड असल्याने तळाशी बसतं. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात रात्री गवत स्वतःही तो वापरतं. तळचा प्राणवायू संपला की चिखलातल्या जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा, मुळांतून आत शिरतो. गवत गुदमरतं. मग ते कुजतं, त्यातल्या पोषकांवर शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं आणि उरलेल्या गवतालाही ऊन मिळेनासं होतं.

हे टाळायला गोडं पाणी हवं, आणि ते येतं एव्हरग्लेड्स या उत्तरेकडच्या विस्तीर्ण पाणथळीतून. ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेला पूर्वी पाण्याचा एक पातळ, कित्येक किलोमीटर रुंद पट्टा गवतातून हळूहळू समुद्राकडे सरकत असे. उतार इतका कमी, की ही नदी आहे हे पाहून कळूही नये. 1928 मध्ये टमायमी ट्रेल हा रस्ता खुला झाला आणि त्याचा भराव या प्रवाहाला आडवा आला. पुढे पूर टाळण्यासाठी कालवे, बंधारे, पंप आले. सरोवराच्या दक्षिणेला उसाची शेती पसरली. आता सरोवर भरलं की जादा पाणी पूर्व-पश्चिमेला सोडतात. तिथल्या खाड्यांत गोडं पाणी इतकं येतं की कालवं (ऑयस्टर) मरतात, आणि दक्षिणेचा उपसागर त्याच पाण्यावाचून खारट होतो.

टार्पनचं नातं तर आणखी आतवर जातं. त्याची अंडी खोल समुद्रात पडतात, पण पिल्लं खारफुटीतल्या साचलेल्या डबक्यांत वाढतात. तिथे प्राणवायू इतका कमी असतो की मोठे शिकारी मासे फिरकत नाहीत. टार्पनला मात्र हवेचा घोट घेता येतो. त्याची हवेची पिशवी फुप्फुसासारखी चालते. पाणथळी उपसून टाकल्या की ही पाळणाघरं जातात. (याच कुळातली एक लहान जात भारताच्या किनाऱ्यावरही आढळते.)

मग दरवाजे उघडून पाणी दक्षिणेला का सोडत नाहीत? कारण ते स्वच्छ नाही. एव्हरग्लेड्समध्ये फॉस्फरसची मर्यादा अब्जात 10 भाग, इतकी कडक आहे. त्याहून जास्त झालं की मूळचं गवत मागे हटतं आणि पाणकणीस माजतं. म्हणून शेतांचं पाणी आधी मुद्दाम तयार केलेल्या दलदलींतून फिरवावं लागतं, आणि त्यासाठी जमीन लागते. खरी भांडणं या जमिनीवरून आहेत.

2016 मध्ये तिथल्या वाटाड्यांनी ‘कॅप्टन्स फॉर क्लीन वॉटर’ ही संघटना काढली. यात पोटाचा स्वार्थ आहेच, पण मला तो खटकत नाही. मासा जिवंत राहण्यात ज्याची कमाई आहे, तो वरच्या पाण्याचा हिशेब मागणारच.

टमायमी ट्रेलखालून पाणी जावं म्हणून 2013 मध्ये सुमारे 1.6 किलोमीटरचा पूल झाला, 2019 मध्ये 3.7 किलोमीटरचा आणखी एक. सरोवराच्या दक्षिणेला नवा जलाशयही मंजूर झाला आहे. पावसाळ्यातलं पाणी तिथे साठवायचं, शेजारच्या दलदलीतून गाळायचं आणि कोरड्या महिन्यांत खाली सोडायचं, अशी योजना आहे. टार्पनच्या मोसमातला एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा तिथे कोरडाच असतो.