गहू सोडण्याआधी रक्त तपासा

पोट वरचेवर बिघडतं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. कुणीतरी म्हणतं, "गहू बंद करून बघ." काही महिन्यांत बरं वाटायला लागतं, मग सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) रक्त तपासलं जातं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आजार असूनही असं होऊ शकतं, आणि मला याचीच काळजी वाटते.

ही तपासणी रक्तात ग्लूटेन शोधत नाही. ती शोधते शरीराने स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी. गहू, बार्ली आणि राय यांतलं ग्लूटेन पुरतं पचत नाही. त्याचे उरलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरले की टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम त्यांची रचना किंचित बदलतं. ज्यांच्याकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असतात, त्यांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या तुकड्यांवर तुटून पडते आणि त्या एन्झाइमलाही शत्रू समजू लागते. या हल्ल्याचं लक्ष्य हेच एन्झाइम आहे, हे १९९७ मध्ये बर्लिनमधल्या डेटलेफ शुपान यांच्या गटाने दाखवलं. या एन्झाइमविरुद्धच्या आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी मोजणारी आजची टीटीजी-आयजीए चाचणी त्यावरच उभी आहे.

खाण्यातलं ग्लूटेन थांबलं की या अँटिबॉडी हळूहळू ओसरतात. म्हणूनच ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावं.

आणखी एक खाच आहे. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं. सीलिॲकच्या रुग्णांत असे दोन-तीन टक्के असतात. अशांची टीटीजी-आयजीए निगेटिव्हच दिसणार! त्यामुळे सोबत एकूण आयजीए मोजून घ्यावं. ते फार कमी निघालं, तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीवर आधारलेली चाचणी करतात.

पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर मोठ्यांमध्ये सहसा एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे नमुने तपासतात. मुलांसाठी मात्र युरोपातल्या २०२० च्या सूचनांनी सवलत दिली आहे. टीटीजी-आयजीए सामान्य पातळीच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात एंडोमायसियल अँटिबॉडीही (सीलिॲकच्याच आणखी एका चाचणीत शोधतात त्या) सापडल्या, तर पालकांशी बोलून बायोप्सी टाळता येते.

गहू आधीच सोडून बसलेल्यांना जनुकांची तपासणी करता येते, कारण आहाराचा तिच्यावर परिणाम होत नाही. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील, तर सीलिॲकची शक्यता जवळपास मिटते. असली, तर मात्र निदान होत नाही. ती बाळगणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.